राहिलेला तुकडा

प्रिय दादा,
प्रभूमध्ये सलाम.

मी आपल्या चर्चची पाळक झाले त्या दिवशी तू आला नाहीस. "बाईच्या हातून प्रभुभोजन कोण घेणार?" असं फोनवर म्हणालास. तर ऐक, काल येशूच्या आठवणीची ती भाकर सगळ्यांनी माझ्या हातून घेतली. गुडघे धरलेल्या आजीसुद्धा सुनेचा हात धरून पुढे आल्या.

राहिले एकटे सुतारमामा. तू इथे पाळक होतास तेव्हापासूनचे तुझे खंदे पाठीराखे! हाताची घडी घालून मागच्या बाकावर बसून होते. मीही आग्रह केला नाही. देवाच्या घरात कुणाला ओढून आणायचं नसतं, हे तूच शिकवलंस.

मग माझीच फजिती झाली. आपल्या मंडळीत पाळक सर्वांत शेवटी घेतो, आणि मी पहिल्याच खेपेला स्वतः घ्यायची विसरले. भाकरीच्या ताटावर पांढरा रुमाल टाकून मोकळी झाले. सगळे बघत राहिले.

तेवढ्यात मामा तरातरा पुढे आले. त्यांनी रुमाल बाजूला केला आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला.

"पाळकबाई, स्वतः उपाशी राहून आम्हाला कशा सांभाळणार?"

मी तो घेतला. त्यांचा हात मात्र तसाच पुढे राहिला, रिकामा.

"आता मला द्या," ते म्हणाले.

या पत्राला उत्तर लिहू नकोस, दादा. तू स्वतःच ये. मागचा बाक आता रिकामा आहे.

तुझी धाकटी,
आणि या मंडळीची पाळक