फडताळातला नारळ आणि 'अंडरटेक'

कसबा बावडा, बुधवार, १९७४

सुटलो एकदाचा!

रविवारी तालमीच्या बैठकीत 'शिकलेला माणूस' म्हणून माझ्या हातात नारळ ठेवला आणि मी कुस्ती मैदानाचा पंच झालो. मी इंग्रजीचा मास्तर, मला डावातलं काय कळतं? पण नारळ घेतला की नाही म्हणायची सोय नाही. तेव्हापासून तो फडताळातून माझ्याकडं बघतोय. एक निकाल चुकला, तर अख्खं मैदान अंगावर येईल.

आज वर्गासाठी 'अंडरटेक' हा शब्द मोठ्या कोशात पाहिला. अर्थ, एखादं काम अंगावर घेणं. आणि फार जुना अर्थ काय, तर सापळ्यात पकडणं! एकटाच हसलो. इंग्रजांनाही कुणीतरी नारळ दिला असणार.

संध्याकाळी शेजारचे सुलतानभाई शिंपी आले. तरुणपणी याच तालमीच्या मातीत घुमलेले पैलवान. माझं तोंड बघूनच म्हणाले, "मास्तर, नारळ परत करता येत न्हाई, पर मला देता येतोय की. आणा हिकडं."

दिला. फडताळ मोकळं झालं, मीही.

दारातून वळून म्हणाले, "पैलवानांची नावं पुकारायला कोण तरी पायजे. येणार न्हवं?"

"येतो," म्हणालो. हातात काहीच ठेवलं नव्हतं, तरी.