उपडा तांब्या

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी नळ दोन बादल्या आणि एक कळशी भरेपर्यंत आला. मग नेहमीसारखा खोकला आणि गेला.

दुपारी यांनी नळ पूर्ण उघडा ठेवला, खाली सिंकमध्ये पितळी तांब्या उपडा घातला आणि पलंगावर जाऊन पडले. पाणी आलंच तर तांब्या वाजेल. कन्हान नदीवरच्या पंपहाऊसवर नोकरीला होते तेव्हा पाइपाखाली पत्र्याचा डबा उपडा घालून डुलकी काढायचे, ती सवय. सगळी हयात पाणीपुरवठ्यात गेली.

चोवीस तास पाण्याची योजना. गल्लीत नवी लाइन पडून हा तिसरा उन्हाळा. पाइप नवा, मीटर नवं, पाणी होतं त्याहून कमी. मीटर मात्र नुसत्या हवेवरही फिरतं.

तांब्या वाजला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शेजारची मालू भिंतीवरून डोकावली. हे अंगणात होते.

"काय भाऊजी, तुमचं चोवीस तास कुठी अडकून राहिलं? सिग्नल नाही भेटून राहिला का त्याले?"

हे हसले. "वहिनी, या उन्हाळ्यात येतंय. लिहून ठेवा."

"लिहून ठेवाले आता भिंत नाही पुरत."

ती सहज बोलते, पण यांना लागतं. विहीर यांच्याच शब्दावर बुजवली ना. आमच्या दोन घरांच्या भिंतीखाली होती, अर्धी त्यांच्याकडे, अर्धी आमच्याकडे, दोन बाजूंना दोन रहाट. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात पलीकडून आवाज आला होता, "नवी नवरी का वं? दोर असा नको धरू, हात सोलतीन." तिचा चेहरा मी आधी पाण्यात पाहिला, मग वर.

नवी लाइन त्या भिंतीतूनच न्यायची होती. मालू महिनाभर नाही म्हणत होती. हे म्हणाले, "वहिनी, मी सांगतो ना. चोवीस तास नळ असताना विहीर कशाला? नुसते डास." त्यांनी सांगितलं म्हणून तिने ऐकलं. बुजवताना मात्र मधोमध एक पाइप उभा करून घेतला, विहिरीला श्वास घेता यावा म्हणून. तो अजून आहे. त्यावर तिची ओढणी वाळत असते.

२० एप्रिल, रविवार

नीलू पुण्याला परत गेली. पोचवायला स्टेशनवर. चार दिवस घर कसं भरलेलं होतं...

स्टेशनभर पत्रे ठोकलेत. नवं स्टेशन होतंय. हे नेहमीप्रमाणे लेकीची बाटली घेऊन प्लॅटफॉर्मच्या नळाकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले, तर पत्र्यासमोर उभे, रिकामी बाटली हातात. नळ होता तिथे आता पत्रा, आणि पत्र्यावर होणाऱ्या स्टेशनचं रंगीत चित्र. चित्रात कारंजं.

"इथे नळ होता," म्हणाले.

"माहीत आहे."

"थंड यायचं."

नीलूने स्टॉलवरून बाटली विकत घेतली. गाडी सुटेपर्यंत हे तिच्याशी पाण्याविषयीच बोलत होते. तिने सगळं ऐकून घेतलं, माझी गुणाची पोर.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

आज नळ आलाच नाही. थेंब नाही.

सासऱ्यांची घागर भरायची होती. पूर्वी विहिरीच्या पाण्याने भरायची, मग नळाच्या. आज शेवटी कॅनच्या पाण्याने भरली. दुसरं काय करणार? टँकरचं कुठल्यातरी बोअरचं, ते त्याहून वाईट. पत्रावळ मांडली, आमरस, कुरडया, सगळं केलं. हे घागरीकडे बघत राहिले.

"बाबांना विकतचं पाणी," एवढंच.

जेवले नाहीत. दिवेलागणीला अंगणात बसले होते. मी चहा नेला तर म्हणाले, "माझ्या शब्दावर बुजवली ती विहीर." इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. चहा गार झाला.

३ मे, शनिवार

काल पाण्याच्या ऑफिसात जाऊन आले. भर उन्हात, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथे आता ओळखीचं कुणी नाही. टेबलावरचा मुलगा चांगला बोलला म्हणे, खुर्ची दिली, गार पाणी दिलं. म्हणाला, काका, वरूनच कमी येतं. लाइन चोवीस तासांची आहे, पाणी तेवढं नाही.

"खरं बोलला," हे म्हणाले. "आमच्या वेळी असं खरं कुणी सांगत नसे." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

५ मे, सोमवार

आज दुपारी तांब्या ठेवायला उठलेच नाहीत.

मीच विचारलं, नळ उघडायचा ना? "राहू दे." काल अर्धी पोळी, आज तेवढीही नाही. दाढी वाढलीय. डॉक्टर म्हणतात बी.पी. ठीक, वयाचं आहे. वयाचं नाही. मला माहीत आहे. पंपहाऊसवरून सायकलने यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच घंटी सुरू व्हायची, तो माणूस...

भीती वाटते आहे. लिहिलं की कमी होते म्हणतात. होत नाही.

७ मे, बुधवार

गजू प्लंबरला बोलावलं, हे डॉक्टरकडे गेले असताना. गजू पोरगेला होता तेव्हा यांच्या हाताखाली रोजंदारीवर होता. आता त्याचेच केस पिकलेत.

त्याला म्हटलं, स्वयंपाकघरातल्या सरकारी नळाला गच्चीवरच्या टाकीची लाइन आतून जोडून दे. व्हॉल्व्ह मागच्या दारापाशी, कपड्यांच्या दोरीखाली, दिसणार नाही असा. टाकीत टँकरचं पाणी असतंच.

"काहून बाई? टाकीचा दुसरा नळ हाये ना बाजूलेच."

काहून ते सांगितलं. बराच वेळ डोकं खाजवत बसला.

"साहेबानंच मले पाना धराले शिकवलं. त्याइलेच फसवू का मी?"

"मी फसवते आहे. तू फक्त पाइप जोड."

"तुमी लय सिद्या वाटत होत्या बाई मले," म्हणाला आणि पाना काढला.

शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, लहान खोटं असं काही नसतं, फक्त लहान मुली असतात. कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला जायच्या आणि हलक्या होऊन धावत बाहेर यायच्या. आम्हा हिंदू मुलींना ती सोय नव्हती. आम्ही बाहेर चिंचेखाली उभ्या.

१० मे, शनिवार

झालं.

दुपारी हे पडलेले. मीच नळ उघडून तांब्या उपडा घातला आणि मागे जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. आधी फुर्र, मग टण् टण् टण्... एवढ्या मोठ्याने वाजतो तो तांब्या, मला ठाऊकच नव्हतं.

आले. एक चप्पल पायात, एक नाही. नळाखाली हात धरून उभे. मी पदराला हात पुसत आले, जणू अंगणातून.

"आलं," म्हणाले. "शोभा, दुपारचं आलं."

मग तुळशीला पाणी, जास्वंदीला पाणी, पायरी धुतली. दाढी केली. संध्याकाळी तीन पोळ्या.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण पुढे काय होईल सांगता येत नाही.

११ मे, रविवार

सकाळीच पँट-शर्ट घालून मालूकडे गेले. वाटलं होतं घरातल्या घरात राहील. मी वेडी. पंपहाऊसचा माणूस पाणी आल्यावर गप्प बसेल?

मालूने नळ उघडून पाहिला. कोरडा. भिंतीवरून ओरडली, "काय वं शोभा, तुमच्याच घरी गंगा उतरली का? आमच्या इकडे तं नळ फुसफुस करून राहिला!"

माझ्याआधी यांनीच उत्तर दिलं. "वहिनी, तुमचं घर लाइनच्या टोकाला. प्रेशर वाढलं की येईल. आठ-पंधरा दिवस."

पुन्हा शब्द दिला. माझ्यामुळे.

१३ मे, मंगळवार

आज म्हणाले, "साठवलेलं पाणी डाळीला कशाला? ताजं घे की नळाचं."

नाही कसं म्हणू? घेतलं. टँकरचं, बोअरचं जड पाणी. कुकरच्या किती शिट्ट्या काढल्या, डाळ दाणा दाणा वेगळी. घोटली, पुन्हा चढवली, तरी तशीच. लग्नापासून ऐकत आले आहे, कन्हानच्या पाण्यात तूरडाळ लोण्यासारखी शिजते. हे पाहुण्यांना सांगायचे, गावोगावची डाळ खाऊन तिथल्या पाण्याला नावं ठेवायचे.

वाढली. पहिला घास घेतला. थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"अजून थोडी दे," म्हणाले.

काही कळत नाही.

१५ मे, गुरुवार

दुपारी व्हॉल्व्ह फिरवला, तांब्या वाजला, हे आले, हात धुतले, गेले. धावत नाहीत आता. "आलं" म्हणाले, पण हळू.

संध्याकाळी मालू. तिची लेक बाळंतपणाला आलेली, बाळाला सव्वा महिना होतोय. रीतीप्रमाणे विहीर पुजायची आहे.

"आता विहीर कुठी हाये? लोक नळच पुजतात. आमच्या कोरड्या नळाले काय हळद लावू मी? तुमच्या घरी वाहतं पाणी हाये. रविवारी दुपारी घेऊन येतो पोरीले."

मी काहीतरी सांगणार होते, अंगणात कर, मंदिराच्या हातपंपावर कर... हे म्हणाले, "या वहिनी. नक्की या." माझ्याकडे न बघता.

१८ मे, रविवार

आल्या. मालूची लेक हिरव्या साडीत, बाळ टोपडं घालून. सिंकच्या कडेला पाच खडे मांडले. नळाला हळदकुंकू, भिजवलेले हरभरे, नारळ. इतकीशी जागा, सगळ्या दाटीवाटीने उभ्या.

मी ठरवलं होतं, ओवाळणं सुरू झालं की मागे जाईन. पण मालूने बाळ माझ्याच हातात दिलं. "धर वं, तूच त्याची मोठी आजी." आता कुठे जाणार? दारात बायका. बाळाने माझ्या पदराची कड मुठीत धरलेली. लेकीने कलश नळाखाली धरला आणि तोटी फिरवली.

काही नाही.

मालू बघतेय. लेक बघतेय. मी बाळाच्या टोपड्याकडे. मनात म्हटलं, आता सांगावंच लागणार, इथेच, सगळ्यांसमोर. तोंड उघडलंसुद्धा.

नळ फुरफुरला. पाणी आलं. कलशात धार पडली. बायकांनी हात जोडले. मालूच्या डोळ्यांत पाणी. "विहिरीची आठवण आली वं," म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. हे आत्तापर्यंत दारात उभे होते, ते नव्हते.

थोड्या वेळाने आले. हात ओले नव्हते, पण तळव्याला गंजाचा तांबूस डाग. तो व्हॉल्व्ह गजूने जुनाच लावलाय. माझ्याही हाताला रोज तोच डाग लागतो.

१९ मे, सोमवार

डाळ मी सकाळच्या साठवलेल्या पाण्यात केली. छान शिजली. त्यांनी "छान" म्हटलं.

दुपारी उठले नाहीत. मीही मागे गेले नाही.

२३ मे, शुक्रवार

मालूचा नळ अजून कोरडा. सकाळी आमचाही कळशीभर. आज तिने टोमणा मारला नाही. तेच वाईट वाटलं. "येईन म्हणतात भाऊजी, तं येईन," म्हणाली टँकरवाल्याची वाट बघत. ती चिडायची तेव्हा तरी बरं होतं.

यांचं जेवण पुन्हा कमी झालंय.

२६ मे, सोमवार

नवतपा लागला, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. पत्र्याला हात लावता येत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही चटका देतं.

सकाळी गजू येऊन गेला. मला बाजूला घेऊन, "बाई, काढू का तो जोड? मले झोप नाही येऊन राहिली." मी काही बोलायच्या आत पेपरच्या आडून यांचा आवाज आला, "राहू दे रे गजू. नवतपा जाऊ दे." पेपर खाली आला नाही. गजू माझ्याकडे बघत राहिला, मग पायरीवरच हात जोडून गेला.

कुणासाठी राहू दे? माझ्यासाठी की मालूसाठी, विचारायचं धैर्य झालं नाही.

दुपारी मीच नळ उघडला. तांब्या उपडा घातला. मागे गेले नाही. व्हॉल्व्ह बंद आहे, पाहून ठेवलंय. खरं पाणी आलं तरच वाजेल. इथे बाहेरच्या खोलीत येऊन हे लिहिते आहे. मधलं दार लोटलेलं. ते पडलेत, पण जागे आहेत. जागेपणीचा श्वास मला ओळखू येतो.

गल्लीत आवाज नाही. मालूकडे बाळ मध्येच रडतं, थांबतं.

पलंग करकरला. उठले वाटतं. चपला घातल्या, दोन्ही. चालतायत, पण स्वयंपाकघराकडे की मागच्या दाराकडे, इथून कळत नाही. मागे गेले असतील, तर आज तांब्या ते माझ्यासाठी वाजवणार.