कार्डावरची शून्यं

१४ जून
अकरावं इंजेक्शन. दिलीपनेच दिलं, पोटावर, बेंबीच्या डावीकडे. नवऱ्याचा हात इतका हलका असेल असं लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवतो, तोही घड्याळ लावून.
गेल्या ऑगस्टपर्यंत महिन्यातले चौदा-पंधरा दिवस अर्धशिशीत जायचे. इंजेक्शन सुरू झाल्यापासून दोन, एखाद्या महिन्यात एकही नाही. पडदे उघडे राहतात. फोडणीचा वास चालतो. नववीचा वर्ग किंचाळतो, तेही चालतं.
फक्त एप्रिलपासून जरा... नको. दृष्ट लागायची.

२६ जून
ठणका. शाळेत, प्रयोगशाळेतच. डाव्या डोळ्यामागून, जुनीच वाट. सकाळी एमआयडीसीकडून तो गोडसर सडका वास आला तेव्हाच समजायला हवं होतं. मुलांना लंबकाचे हेलकावे मोजायला लावले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. हा या महिन्यातला चौथा.
संध्याकाळी चहाला दि.चा रोजचा प्रश्न, "आज किती?" डॉक्टरांनी दिलेलं कार्ड फ्रिजवर लावलंय. रोजचा एक चौकोन, दुखणं शून्य ते दहा. तोच भरतो, पेन्सिलीने. म्हटलं, शून्य. एप्रिलपासून हेच सांगतेय. तो शून्य काढतो तेही किती हौसेने, अगदी गोल.
खरं ते इथे लिहीन. ठ म्हणजे ठणका. ठ ४.

५ जुलै
दि.ला साइट देतायत. ओडिशात कारखाना उभा करायचाय, बॉयलर वगैरे सगळं याच्याकडे. दोन वर्षं.
बारा वर्षांपूर्वी माझ्या डोक्यापायी साइटवरची कामं सोडून वागळे इस्टेटच्या ऑफिसात टेबलाला बसला. कधी बोलून दाखवलं नाही. आज मात्र ताटातला भात तसाच ठेवून मला नकाशे दाखवत होता. त्रेपन्न वर्षांचा माणूस. आता ही संधी गेली की पुन्हा कोण विचारणार?
"तू म्हणशील तसं, माधवी. आपण दोघंच. तू एकटी कशी..."
"मी बरी आहे आता. कार्ड बघ की."
त्याने खरंच उठून कार्ड बघितलं.

१२ जुलै
बारावं. पूर्वी चार दिवसांत डोकं हलकं व्हायचं. बघू.

१९ जुलै
हलकं वगैरे काही नाही. ठ ५, आणि महिन्याचे अजून बारा दिवस बाकी.
आज प्रयोगवह्या तपासल्या. पंधरा जणांची वाचनं सारखी. उत्तर आधी ठरवायचं आणि वाचनं मागून भरायची, हे मी वही उघडताच ओळखते. लाल पेनाने लिहिते, 'प्रत्यक्ष मोजलं का?' एक पोरगी त्यातल्या त्यात हुशार. खरं वाटावं म्हणून एक वाचन तिने मुद्दाम बिघडवलं होतं.
घरी आल्यावर दि.ने विचारलं, आज किती? म्हटलं, दोन. सगळी शून्यंच असली तर संशय येतो.
बाईंनीच कान धरून उठाबशा काढाव्यात.

८ ऑगस्ट
ठाण्याला डॉक्टरांकडे. कार्ड बघून खूश झाले. म्हणाले, "वर्ष झालं. आता तीन महिने बंद करून बघू. काही जणांना नंतरही बरं राहतं, काहींचं परत सुरू होतं. कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. औषध कमी पडत असतं तर बदलून दुसरं दिलं असतं, पण तुमचं उत्तम चाललंय."
तोंड उघडायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. शेजारी दि. मांडीवर माझी फाइल घेऊन बसलेला. त्याने डॉक्टरांनाच विचारलं, "मग मी दोन वर्षं बाहेर गेलो तर चालेल ना?"
"बिनधास्त जा."
खाली उतरल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. प्यायले.

२ सप्टें.
गौरी गेल्या. ऑगस्टचे ठ ९. कार्डावर फक्त एक.
काल सोसायटीखालून ढोल गेले तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून बसले होते. दि. बाहेरून, "माधवी, झालं का?"
झालं म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० सप्टें.
गेला. बॅग भरताना शीळ घालत होता. बारा वर्षांत ऐकली नव्हती, मी विसरलेच होते याला शीळ येते ते. तेवढ्यासाठी सगळं केलं असं मनाला सांगितलं.
कार्डाची पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता तूच भर."

२३ सप्टें.
ठ ७.
रोज साडेसहाला त्याचा फोन. आज किती? शून्य. शाब्बास.
कार्ड मात्र दहा तारखेपासून कोरं आहे. फोनवर खोटं बोलता येतं. स्वतःच्या हाताने लिहायला गेले की पेन्सिल पुढे जात नाही. इतकी वर्षं मुलांना जे शिकवलं ते आता आडवं येतं.

२१ ऑक्टो.
ठ ११. दि.ला दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. कानात कापूस, डोक्याला ओढणी, वर उशी. खाली लवंगी माळा चालूच.
फोनवर म्हणाला, इथे आकाश फार मोठं दिसतं गं. मी म्हटलं, फोटो पाठव. पाठवला. स्क्रीनचा उजेड सोसवेना, उघडता आला नाही.

३ नोव्हें.
काल सकाळपासून पडून. पाणीसुद्धा पोटात ठरेना. शाळेत कळवलं तेवढंच.
आज अकराच्या सुमारास दार उघडल्याचा आवाज. शेजारच्या पाटणकर काकू. बेल नाही, हाक नाही, चपला बाहेर काढून आलेल्या. उशाशी पेज ठेवली, पडदा आणखी ओढला. जरा बसता आल्यावर विचारलं, किल्ली कुठली?
"दिलीप देऊन गेला ना जाताना. म्हणाला, काकू, महिन्यातून नऊ-दहा दिवस तिचं दुखतं, ती सांगायची नाही. डावा डोळा बारीक दिसला की समजा. बेल वाजवू नका, दिवा लावू नका, त्या दिवशी फोडणीही देऊ नका. सगळं लिहून दिलंय गं त्याने. जिवापाड जपतो तुला."
नऊ-दहा. माझ्या या वहीतही तेवढेच होते.
काकू गेल्या. पेज तशीच राहिली.

४ नोव्हें.
त्याला माहीत होतं. माहीत असून रोज विचारत होता, आणि मी सांगीन ते लिहीत होता. डॉक्टरांसमोर फाइल घेऊन बसला होता तेव्हाही माहीतच होतं. औषध बदलून मिळालं असतं, हेही त्याने माझ्याबरोबरच ऐकलं.
मी खोटं बोलले त्याला जाता यावं म्हणून. त्याला जायचं होतं म्हणून त्याने ते खरं धरलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मला हेच तर हवं होतं. मग एवढं का लागतंय?
एकदा म्हणायला हवं होतं त्याने, माधवी, खोटं सांगू नकोस. मी भांडले असते, कबूल केलं नसतं, त्याला ढकलून पाठवलंच असतं. पण त्याने म्हणायला हवं होतं. फार वाईट वाटतंय. त्याचा रागही येतोय, आणि या घरात तो राग कुणावर काढू तेही कळत नाही.

६ नोव्हें.
उद्या डॉक्टर. एकटीच जाणार. खरं सांगितलं तर कदाचित इंजेक्शन परत सुरू होईल, कदाचित दुसरं. पण मग एप्रिलपासूनचं सगळंच खोडावं लागेल, आणि ते अक्षर त्याचं आहे.
साडेसहाला फोन. मागे लोखंडावर घाव पडत होते.
"आज किती?"
म्हटलं, "तू सांग."
तो म्हणाला, "इथे रेंज जातेय जरा."
रेंज जात नव्हती. त्याच्या मागे कुणीतरी हिंदीत पाना मागत होतं, तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. त्यानेही ठेवला नाही.