खाकी कव्हरातली पुस्तकं

दि. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं की ते मुद्दाम दोनदा चढणार, हे मला ठाऊक आहे. तू ओरडत जा.

इकडे माझं वाचनालय जायची वेळ आलीय. मुख्याध्यापिकाबाईंनी परवा बोलावून सांगितलं की वाचनालयाच्या खोलीत परीक्षेचा सराव वर्ग भरवायचं चाललंय. पुस्तकं जिन्याखालच्या कपाटात कोंबायची आणि मी गैरहजर शिक्षकांचे तास घेत फिरायचं. शिक्षकांच्या खोलीत कुणाला काही वाटलं नाही. वाचनालयाच्या बाईंना आता पंख्याखालून उठावं लागणार, असं खेळाचे सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले आणि नंतर एकटीच रडले.

शनिवारच्या पालकसभेत मला थोडा वेळ दिलाय. वाचनालय कशाला हवं ते पालकांना पटवून द्या, मग बघू, असं बाईंचं म्हणणं. मी रंगीत तक्ते केलेत, कुठल्या वर्गाने किती पुस्तकं नेली वगैरे. पण ताई, माझं खरं काम तक्त्यात मावतच नाही. माझी खाकी पुस्तकं तुला माहीत आहेत. उघडपणे न्यायला लाज वाटेल असं पुस्तक कुणी मागितलं, की मी त्याला खाकी कव्हर घालून देते. नोंद करत नाही, कुणाला सांगत नाही. मुलांना हे पक्कं माहीत आहे.

सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं की, बाबा दारू प्यायला लागले तर ती चूक घरात कुणाची असते, हे सांगणारं पुस्तक आहे का. मी शोधून दिलं. त्यात एका पानावर सरळ लिहिलंय की मुलांची चूक नसते. तेवढं एक पान वाचायला ती रोज मधल्या सुट्टीत येते, मागच्या कपाटाआड उभी राहून वाचते आणि जाते. हे कुठल्या तक्त्यात घालू? काहीतरी सुचव. खोली गेली तर ती मुलगी कुठे जाईल?

राग धर पण माया सोडू नकोस,
तुझं शेंडेफळ

दि. ९ ऑगस्ट

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाऊजींचा गुडघा दुखतोय, तोंड शाबूत आहे. सकाळपासून तीनदा चहा मागून झाला.

तक्ते फाडून टाक. मी उभं आयुष्य दारोदार साबण विकला, पण आकडे ऐकून एकीनेही वडी घेतली नाही. एका बाईचे सोललेले हात कसे बरे झाले ते सांगितलं, की पाकिटं उघडायची. तू त्या सातवीतल्या पोरीचं सांग. नाव घेऊ नकोस म्हणजे झालं. लहानपणापासून तुझं हेच, राब राब राबायचं आणि बोलायची वेळ आली की मिठाची गुळणी धरायची. अशाने जग तुला पंख्याखालीच बसलेली बघणार.

नऊवारी भाषण नको. थोडक्यात सांग आणि खाली बस.

ख्यालीखुशाली कळवत राहा,
तुझी ताई

दि. १५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

ताई, खोली वाचली! तुझ्या साबणाला दंडवत.

आधी मी भित्रेपणाने तक्तेच लावले. पालक मोबाईल चाळायला लागले, एका गृहस्थांनी तर तोंड न झाकता जांभई दिली. मग मी तक्ते गुंडाळले आणि खाकी पुस्तकांचं सांगितलं. नाव घेतलं नाही, वर्गही सांगितला नाही. फक्त त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा, तिच्या शब्दांत सांगितला. मोबाईल खाली गेले. बायकांनी डोळे पुसले. खेळाच्या सरांनी उठून टाळ्या वाजवल्या. सराव वर्ग दुसरीकडे भरवू, असं बाईंनी तिथेच जाहीर केलं.

तिसऱ्या रांगेतली एक बाई मात्र मी बोलत असतानाच उठून गेली. पिशवी खुर्चीत अडकली तर ती हिसकून घेतली. तिला घरी जायची घाई असेल. तरी मला ते सारखं आठवतंय.

असाच पाठीवर हात राहू दे,
तुझं शेंडेफळ

दि. १८ ऑगस्ट

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास! भाऊजींनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि गुडघा विसरून शेजाऱ्यांना सांगायला खाली गेले. त्या उठून गेलेल्या बाईचा विचार सोड. हजार कामं असतात माणसांना. ती पोरगी आता काय म्हणते?

तब्येत सांभाळ,
तुझी ताई

दि. २ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

लिहायला उशीर झाला. दोनदा सुरू केलेलं पत्र फाडलं.

ती बाई त्या मुलीची आई होती. सभेनंतर मुलगी वाचनालयात आलीच नाही. मी वर्गात चौकशी केली, तर तिला मावशीकडे पाठवलंय आणि तिकडच्याच शाळेत घातलंय असं कळलं. सोमवारी आई दाखला न्यायला आली आणि माझ्याकडेही आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, मुलीने तो प्रश्न आधी आईला विचारला होता आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. म्हणून मुलगी माझ्याकडे आली. वाचनालयातल्या बाई कुणाला सांगत नाहीत, असं घरी म्हणायची. सभेत आईने शब्द ओळखले आणि आई उठली, तेव्हा बाकीच्यांनी आईला ओळखलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं.

मग आईने ते पान बघायला मागितलं. मी काढून दिलं. मागच्या कपाटाआड उभी राहून तिने ते वाचलं, पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि गेली.

आता खाकी पुस्तकं कुणी मागत नाही. आठवीतल्या एकीने हातातलं पुस्तक परत ठेवलं आणि आमचंपण सभेत सांगणार का, असं विचारलं.  खोलीला नवा रंग दिलाय, दारावर मोठी पाटी लावलीय, पाहुणे आले की मुख्याध्यापिकाबाई त्यांना आधी माझ्याकडे आणतात. मधल्या सुट्टीत मी एकटी असते.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं मलाही वाटलं होतं, आणि बोलले मी. त्या टाळ्या मला गोड लागल्या, याचीच जास्त लाज वाटते.

काल बाईंनी बोलावलं होतं. पुढच्या सभेला नवे पालक येणार आहेत, तीच गोष्ट पुन्हा सांगा, तशीच, तिच्या शब्दांत, असं म्हणाल्या. मी नाही म्हणाले. मग सराव वर्गाचा विचार परत करावा लागेल, असं त्या म्हणाल्या. करा, असं सांगून मी खोलीत आले आणि पुस्तकं बांधायला घेतली. खाकी सगळ्यात आधी बांधली.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस, ते पुन्हा शेजारी जातील. माझ्यावरचा लोभ तेवढा राहू दे.

तुझं शेंडेफळ