रॉबिनच्या डोळ्यातला ठिपका

अप्पा,

काल इथल्या डोंगरावर बर्फ पडला. आमच्या गुंगालिन उपनगरात नुसतीच हाडं गोठवणारी थंडी, बर्फ बघायचा तर तासभर गाडी हाकावी लागते. लेकीला घेऊन गेले. कुंपणाच्या तारेवर मुठीएवढा, लाल छातीचा रॉबिन पिसं फुगवून बसला होता. बर्फावर रोखलेला कॅमेरा सगळंच करडं करून टाकतो, उजेड मुद्दाम वाढवावा लागतो. पांढऱ्या साडीतल्या बाईचा फोटो काढताना तुम्ही म्हणायचात, "पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो." मी उजेड वाढवला आणि बोटं बधिर होईपर्यंत फोटो काढत राहिले.

आज जेवणं झाल्यावर ते कॉम्प्युटरवर साफ करायला बसले. बर्फ छान आला होता, पण आभाळ भरलेलं असल्यामुळे डोळा मेलेला, नुसता काळा मणी. मी त्यात एक पांढरा ठिपका ठेवला आणि पक्षी जागा झाला. लेक मागे उभी होती.

"आई, दॅट्स चीटिंग!"

"तुझे आजोबा, माझे अप्पा, हेच करायचे स्टुडिओत."

"फॉर बर्ड्स?"

"नाही गं. गेलेल्या माणसांसाठी."

तिने खांदे उडवले आणि आपल्या खोलीत गेली.

कुणी गेलं की घरचे तुमच्याकडे लग्नातला नाहीतर सहलीतला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे. त्यातून तो एक चेहरा तुम्ही वेगळा काढायचात, मोठा करायचात आणि तेराव्याच्या आत भिंतीवर लावण्याजोगा करून द्यायचात. शेवटी बारीक ब्रशने डोळ्यांत ठिपके. मी नववीत होते. तुम्ही चहाला गेलेले असताना एका मास्तरांच्या फोटोत ते ठिपके मीच दिले, एका डोळ्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. तुम्ही आलात, पाहिलंत आणि भडकलात. "दोन सूर्य उगवलेत काय गं? माणूस गेलाय त्यांचा. निदान उजेड तरी नीट दे त्याला!" फोटो टराटरा फाडलात आणि नवा करायला बसलात. मला लाज कमी आणि तुमचा राग जास्त आला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो ब्रश माझ्या दप्तरात ठेवलात.

तुमचं शेवटचं वर्ष दादाच्या नाशिकच्या भाड्याच्या घरात गेलं. मी दर वेळी "पुढच्या सुट्टीत नक्की" म्हणत होते, आणि दर वेळी नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकत होतं. मग दादाचा फोन आला. रडणं आवरून तो म्हणाला, "फोटो तूच कर. अप्पांचा एकही धड फोटो नाही." कसा असणार, तुम्ही कायम कॅमेऱ्यामागे. माझ्याकडे व्हिडिओ कॉलचा एक स्क्रीनशॉट होता, डोळे धुरकट. विमान गाठायच्या घाईत मी त्यात ठिपके दिले आणि छापायला पाठवला.

तेराव्याला, आपल्या गावच्या घरी, हार घालताना मला दिसलं. दोन सूर्य. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, अजूनही नाही. आई रोज ती काच पुसते, आणि मी मात्र घरी गेले की त्या भिंतीकडे बघायचं टाळते. इतकी वर्षं झाली, अप्पा, मला अजून शरम वाटते.

आज रॉबिननंतर तुमची फाइल उघडली. क्षणाचं काम आहे. पण कुठला ठिपका हलवायचा? त्यासाठी तुमच्या नाशिकच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला होती ते माहीत हवं. त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नाही, आणि दादाने ते केव्हाच सोडलं. स्क्रीनवर तुमचा चेहरा आणि मागे भिंत एवढंच दिसायचं. फोन जरा फिरवा, खोली दाखवा, असं मी एकदाही म्हटलं नाही. रॉबिनवर उजेड कुठून येत होता ते मला बरोबर सांगता येतं, कारण तिथे मी उभी होते.

दादा एका वाक्यात सांगेल. मघाशी फोन हातात घेतला होता. पण बापाच्या खोलीची खिडकी कुठे होती, हे मुलीने भावाला विचारायचं? फाइल तशीच बंद केली. त्याला अजून विचारलेलं नाही.