आधी दुसऱ्याचं म्हणणं

आणि दुसऱ्याचंच म्हणणं खरं निघालं तर काय करायचं, गुरुजी, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. आधी दुसऱ्याचं सांग, तो मान डोलावेपर्यंत सांग, मग आपलं सांग, कारणासकट. शाळेच्या ओट्यावर बसवून वर्षभर एवढंच गिरवून घेतलं, आणि पुढचं विचारावं तर तुम्ही गेलेले. तुम्ही गेल्याचं मला इथं कळलं तेही उशिरा, तांड्यावरचा एक जण बोगद्याच्या कामाला आला तेव्हा. तापानं गेले म्हणाला, आणि लगेच पाणी कुठं मिळेल ते विचारायला लागला. मी त्याला पाणी दाखवलं. दुसरं काय करणार होतो?

तुम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षीची गोष्ट काढतो, कारण माझं तुमच्याशी भांडण तिथूनच आहे. तपासणीला साहेब आलेत. वर्गात तांड्यावरचा मी एकटा. घरी गोरबोली, आणि मराठी बोरीच्या बाजारात भाव करण्यापुरती. साहेब मलाच उठवतात. काळ्या जमिनीत कापसाची पऱ्हाटी चांगली का येते? मला माहीत आहे. बाच्या नांगरामागं चालून माझ्या तळपायांना माहीत आहे, की ही माती वरून भेगाळली तरी पोटात ओल धरून ठेवते. पण ते सगळं डोक्यात गोरबोलीत पडलंय, आणि तोंडातून निघतं, "येते म्हणून येते." वर्ग हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "लमाण्या बोलला रे!" आणि तुम्ही त्याला नाही, मला म्हणालात, "बस खाली." मी बसलो नाही. तसाच दाराबाहेर पडलो, आणि नंतर आलोच नाही.

मग तुम्ही सायकल ढकलत तांड्यावर आलात. त्या दिवशी आमची नसाब बसली होती, म्हणजे तांड्याची पंचायत. आमच्या बैलानं शेजाऱ्याची ज्वारी खाल्लेली. आमच्या तांड्यात रीत होती, की ज्याला भांडायचं त्यानं आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरचा "हो, असंच" म्हणाला की मगच आपली. बा उभा राहून शेजाऱ्याच्या ज्वारीबद्दल बोलत होता, जसं काही शेत त्याचंच. तुम्हाला एक शब्द कळेना. माझ्या कानाशी लागलात, "काय म्हणून राह्यले बे ते?" मी सांगत गेलो, मराठीत. त्याचं काय, ह्याचं काय, तांड्याचा प्रमुख, आमचा नायक, काय म्हणतो, का म्हणतो. नसाब उठेपर्यंत सांगत होतो. तुम्ही एकदम हसायला लागलात.

"अबे, आतापर्यंत तू काय केलं, समजलं का तुले? साह्यबापुढं हेच तं करायचं होतं!"

"ते आमचं बोलणं हाय, गुरुजी. शाळेतलं निराळं."

"शाळेतलं मले तरी कुठं घरून भेटलं? पुस्तकात शिरलो तं दुसऱ्याच्या घरात शिरल्यावानी वाटे. भाव करायची मराठी तुले येते. कारण सांगायची शिकवतो. उद्यापासून ये."

जाताना याडीनं, माझ्या आईनं, तुमच्या हातात भाकर ठेवली. तुम्ही ती तिथंच उभ्यानं खाल्लीत. खाली बसवल्याचं मात्र काही बोलला नाहीत.

मी आलो, शिकलोही. रात्री तुमचे धडे धाकट्या बहिणीवर चालवून पाहायचो. ती मला बोलूच द्यायची नाही, म्हणायची, "आधी माझं काय म्हणणं हाय ते सांग." आणि सातवीची परीक्षा तोंडावर आली तसा मी ठेकेदाराच्या टोळीबरोबर निघून गेलो. का गेलो ते अजून नीट सांगता येत नाही. पाय ठरत नव्हते, एवढंच.

आता ती बहीण सहावीत आहे. बानं तिचं लग्न ठरवायला काढलं. मी आधी रागाचं पत्र पाठवलं, तिला शिकू द्या म्हणून. बानं उलट कळवलं, नसाबीत बोलू. म्हणून दुसरं पत्र तुमच्या रीतीनं लिहिलं. आधी बाची बाजू. शाळा लांब आहे, वाटेत नाला आहे. बरोबरची एकही मुलगी जात नाही. याडीचे गुडघे धरलेत. चांगलं स्थळ थांबणार नाही. आणि शेवटचं, की एकाला शिकवलं तर तो परीक्षा टाकून पळाला, ना शाळेचा राहिला ना तांड्याचा. मग हिला कशाला? लिहिताना बाचा आवाज ऐकू येत होता, म्हणून हात थांबतच नव्हता. मग माझी बाजू, एकेका मुद्द्याला उत्तर देत.

तांड्यात दुसरं कोणी वाचणारं नाही, तेव्हा नसाबीत पत्र तिलाच वाचायला लावलं. परवा गावाकडून आलेल्या माणसानं सारं सांगितलं. मराठी पाहून गोरबोलीत सांगत गेली म्हणे, कुठं अडली नाही. बाची बाजू संपली तेव्हा बा म्हणाला, "हो, असंच. माह्यापेक्षा चांगलं सांगतलं पोट्ट्यानं." तिला त्यातलं अर्धं गाळता आलं असतं, गुरुजी. कोणाला कळलं असतं? तिनं एक ओळ सोडली नाही. मग माझी बाजू वाचली. शेवटी नायकानं विचारलं, "आन त्या शेवटल्या गोष्टीचं उत्तर काय?" तिनं कागद उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला. म्हणाली, "लिवलं नाही."

पोरगी वाचते मोठी छान, असं सगळे म्हणाले, आणि लग्न पक्कं केलं.

तुम्ही असता तर ओट्यावर बसवून विचारलं असतं, ते उत्तर कुठं गेलं? गेलं कुठंच नाही, ते नव्हतंच. कंदिलाजवळ बसून किती वेळ शोधलं, कोणत्याच भाषेत सापडेना. हे पत्र तुमच्या गावी टाकून उपयोग नाही, टाकणारही नाही. बाला मनीऑर्डर मात्र आज करतोय. मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असते. लग्नासाठी पाठवतोय असं लिहायला घेतलं होतं, लिहवलं नाही. जागा तशीच सोडली. रक्कम तेवढी भरली, साठ रुपये.