बॅगेची चेन

मंगळवार, संध्याकाळ. घाटनांदूर

बीडहून सुनंदाचा फोन. वेगळी राहायला लागल्यापासून ती कामापुरतंच बोलते. सुट्टीत आमच्या मुक्ताला दुबईला मामाकडं न्यायचंय, बापाची संमती लागते. मी म्हणालो, "बघू. पुढच्या आठवड्यात ये." दूध संस्थेचा चेअरमन झाल्यापासून ही सवयच लागलीय. सही लांबवली की माणूस दारात येत राहतो.

"मी काय तुमच्या संस्थेची सभासद हाय का?" ती म्हणाली.

तिच्यामागं बॅगेची चेन लागल्याचा आवाज आलता. फोन स्पीकरवर होता, माझं "बघू" पोरीनं ऐकलं असणार. चेन परत उघडली, हळूच.

भीती एकच, पोर तिकडंच रमली तर? इथं टँकर आठ दिवसांनी, तिथं नळाला रोज पाणी. परत कशाला यावं तिनं? पण दुष्काळात चाऱ्याच्या चिठ्ठ्यांवर सहीसाठी ज्यांना हेलपाटे घालायला लावले, ते सही मिळाल्यावर परत चहालासुद्धा आले नाहीत.

शेवटी मीच फोन लावला. "उद्या येतो सही करायला. मुक्ताला सांग, बॅग भर."

"सांगते. ऐकंल तर बरं."

तिनं हाक मारली. मी कान लावून बसलो. चेन काही वाजली नाही.